दिवाळसणाची स्की

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या जावईबापूंची ओळख नव्याने करून द्यायला नको. माणूस सज्जन, निर्व्यसनी, हिशेबाला चोख. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरी नोकरी करतात आणि संध्याकाळी वेळेवर घरी येतात. सासऱ्याने याहून अधिक काय मागावे? परंतु सगळेच गुण एका माणसात घातले, तर इतरांच्या जावयांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अशी देवाला काळजी वाटली असावी. म्हणून त्याने यांच्या ठिकाणी एक वेड ठेवून दिले आहे. ते म्हणजे बर्फाचे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दोघांना पुण्यास येणे जमले नाही. तेव्हा दिवाळसणाच्या अंगठीचे पैसे आम्ही तिकडेच पाठवले आणि सोबत लिहिले, "तुमच्या पसंतीने घ्यावे." हे वाक्य लिहिण्यात आमची चूक झाली. आठ दिवसांनी फोटो आला. जावईबापू हसत उभे होते. बोटात काही नव्हते. पायांत मात्र जवळजवळ माणसाच्या उंचीच्या दोन लालभडक फळ्या होत्या. सौ.ने चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला आणि ती म्हणाली, "अगंबाई! बोटात घालायचं ते पायात घातलं!"

त्या फळ्यांचे पुढे काय झाले, ते आज सांगायचे आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे लेकीकडे इन्सब्रुकला गेलो. आपल्याकडे रस्त्याच्या टोकाला मारुतीचे देऊळ असावे, तसा तिथे रस्त्याच्या टोकाला बर्फाचा डोंगर असतो. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा या गावाने हिवाळी ऑलिंपिक भरवली. आपण छत्री घेऊन बसमध्ये चढावे, तशी तिथली माणसे खांद्यावर स्की टाकून बसमध्ये चढतात. आणि कोणी कोणाकडे वळूनही पाहत नाही.

एके संध्याकाळी जावईबापू दिवाणखान्यात जमिनीवर बसले होते. मांडीवर त्या लाल फळ्या. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसासारखा चेहरा.

"काय झालं?" मी विचारले.

"अण्णा, यांना फक्त उतरता येतं. चढता येत नाही."

मला वाटले, थट्टा करीत आहेत. पण ती थट्टा नव्हती. या फळ्या निव्वळ उतारासाठी केलेल्या. वर जायचे ते तारेवरच्या पाळण्यात बसून, खाली यायचे ते घसरत. जिथे पाळणा नाही, तिथे या फळ्या म्हणजे खांद्यावरचे ओझे. पण इकडे आमची लेक ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दुसऱ्याच तऱ्हेच्या स्की भाड्याने घेऊन, पाळणे नसलेले डोंगर आपल्या पायांनी चढू लागली होती. तिकडे त्याला 'स्कीटूर' म्हणतात. सकाळी निघावे, तीन-चार तास चढावे, आणि कोणाचेही पाऊल न उमटलेल्या बर्फावरून एकदाच खाली यावे. म्हणजे रविवारी लेक डोंगरावर आणि जावई पायथ्याशी! हे चित्र सासू-सासऱ्यांना बरे वाटेना.

"मग नवा संच घ्या," सौ. म्हणाली.

"पुन्हा तेवढेच पैसे, आई. आणि या टाकवत नाहीत. तुमच्या दिवाळसणाच्या आहेत."

या उत्तराने सौ.चा तीन वर्षांचा राग एका क्षणात वितळला. आणि माझ्यातला काटकसरी गृहस्थ खडबडून जागा झाला. आमच्या घरात जुन्या धोतराचे पंचे होतात, पंच्यांची फडकी होतात आणि फडक्यांची पायपुसणी. विटलेल्या पँटची भाजीची पिशवी होते. मी म्हणालो, "जावईबापू, टाकायच्या कशाला? यांनाच चढायला शिकवू."

वाचकहो, फळीला चढायला शिकवायचे म्हणजे काय करायचे, हे समजण्यासाठी हा अंक हातात धरूनच एक प्रयोग करा. उभे राहा आणि टाच जमिनीवरून मुळीच न उचलता स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या. किल्ली दिलेल्या बाहुलीसारखे चालाल. उताराच्या स्कीवर माणसाची गत हीच असते. पायात कडक प्लॅस्टिकचा बूट. तो बूट पुढे चवड्याशी आणि मागे टाचेशी फळीला पक्का जखडलेला. वेगात वळायचे तर पायाची सगळी ताकद फळीच्या पोलादी कडेपर्यंत पोचली पाहिजे, म्हणून ही जखडण. परंतु पडताना हीच लांब फळी तरफेसारखी पिळते आणि नडगीचे हाड मोडते. म्हणून त्या जखडणाऱ्या यंत्रात, म्हणजे बाइंडिंगमध्ये, स्प्रिंग असते. ठराविक जोरापर्यंत ती पाय धरून ठेवते आणि त्यापुढे सोडून देते. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते, तेच हे. माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याचे कसब पाहून ती स्प्रिंग किती आवळायची, याचा आकडा ठरतो.

तेव्हा चढायचे तर तीन गोष्टी हव्यात. टाच मोकळी व्हायला हवी. फळी मागे घसरता कामा नये. आणि पायाचे ओझे उतरायला हवे.

गंमत म्हणजे ही टाच पूर्वी मोकळीच होती. पाळणे नव्हते, तेव्हा उतरायची हौस असलेल्याला आधी चढावेच लागे. आल्प्सच्या तीव्र उतारांवर स्की कशी चालवावी, याचे शास्त्र ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्ड गावच्या मथियास झ्डार्स्कीने १८९६-९७ च्या सुमारास पुस्तक लिहून मांडले. त्याच्या बाइंडिंगमध्ये टाच वर उचलता येई. स्वित्झर्लंडात १९११ साली मोंताना येथे उताराची एक गाजलेली शर्यत झाली. तिच्यात भाग घेणाऱ्यांना आदल्या दिवशी आपल्या पायांनी डोंगर चढून वर झोपडीत मुक्काम करावा लागला होता. ती शर्यत भरवणारा आर्नोल्ड लन हा इंग्रज गृहस्थ मद्रासला जन्मलेला. आणि शर्यतीच्या चषकाला ज्याचे नाव होते, तो १८८० साली काबूलहून कंदाहारवर फौज नेणारा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेला.

"म्हणजे आपल्याकडचेच की दोघे!" सौ. म्हणाली. स्कीबद्दल तिला थोडी आपुलकी वाटू लागली ती इथपासून.

त्या कंदाहारच्या नावानेच १९३० च्या आसपास गिडो रोज या स्विस माणसाचे तारेचे बाइंडिंग निघाले. टाचेमागून एक तार जाई. फळीच्या दोन्ही बाजूंना आकडे असत. तार आकड्यांखाली अडकवली की टाच खाली दाबून धरली जाई. आकड्यांतून सोडवली की टाच उचलायला मोकळी. एकाच वस्तूत चढही होता आणि उतारही. पुढे पाळणे आले. डाव्होसला १९३४ साली माणसांना दोरावरून वर ओढणारी लिफ्ट सुरू झाली आणि हळूहळू डोंगरोडोंगरी तारा लागल्या. चढायची गरजच संपली, तेव्हा टाच मोकळी ठेवायची कोणाला? जर्मनीच्या हानेस मार्करने १९५२ साली पडताना पाय सोडणारे बाइंडिंग बाजारात आणले. त्याच्यासारख्यांच्या कृपेने कितीतरी नडग्या वाचल्या. पण उताराचे सामान उताराचेच झाले. आमचे जावईबापू त्याच्यात चढ परत बसवू पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. कारागीर साठीचा, बोलणे मोजके, हात सुताराचे. लेक दुभाष्याचे काम करीत होती. त्याने आधी फळ्या उलट्या करून पाहिल्या आणि मान डोलावली. चढायला लागणारी पहिली वस्तू कोणत्याही फळीला बसते, म्हणाला. ती वस्तू म्हणजे कातडे.

मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवा, हात घसरतो. उलटा फिरवा, अडतो आणि मांजर रागावते. तसे हे कातडे. फळीच्या तळाला गोंदाने चिकटवायचे. पुढे सरकते, मागे अडते. पूर्वी ते खरोखरच सील नावाच्या प्राण्याचे असे. फ्रेंच लोक अजून त्याला सीलचे कातडेच म्हणतात. आता अंगोरा शेळीच्या केसांचे किंवा नायलॉनचे, नाही तर दोन्ही मिसळून केलेले असते. फळीच्या रुंदीप्रमाणे ते कापून घ्यायचे. फक्त दोन्ही बाजूंच्या पोलादी कडा उघड्या ठेवायच्या, कारण टणक बर्फात धरून ठेवणार त्या कडाच. शिखरावर कातडे ओढून काढायचे, गोंदाला गोंद लावून घडी करायची आणि कोटाच्या आत ठेवायचे. गोंद गारठला तर चिकटत नाही. ही झाली पहिली सोय. आणि तीत तडजोड कसलीच नाही.

टाचेसाठी मात्र तीन वाटा निघाल्या.

पहिली वाट, घोडीची. हा शब्द माझा. बिजागरीची एक चौकट येते. ती बुटाच्या जागी जुन्या बाइंडिंगमध्ये खटकन बसते आणि बूट त्या चौकटीवर बसतो. चढताना चौकट पुढच्या बिजागरीवर उघडमीट करते, टाच उचलली जाते. वर पोचल्यावर ती काढून पिशवीत टाकायची आणि बूट नेहमीसारखा बाइंडिंगमध्ये. फळीला एकही नवे भोक नाही आणि उतरताना स्प्रिंगचा आकडा जसाच्या तसा. तोटा असा की माणूस चार बोटे उंच होतो, आडव्या उतारावर डुगडुगतो आणि वजन वाढते.

दुसरी वाट, जुने बाइंडिंग काढून चौकटीचेच बाइंडिंग ठोकण्याची. फ्रिची कंपनीचे डायामिर १९९५ साली आले, मार्करचे ड्यूक २००७ साली. यांत उताराचाच बूट चालतो. पण प्रत्येक पावलाला बुटाबरोबर सबंध चौकट उचलावी लागते.

तिसरी वाट काट्यांची. ऑस्ट्रियाच्याच टिरोल प्रांतातल्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० नंतरच्या दशकात ही युक्ती काढली. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंना धातूचे खळगे आणि फळीवर त्यांत बसणारे दोन काटे. टाच उचलली की उचलला जातो तो फक्त बूट. यंत्र फळीवरच राहते. वजन निम्म्याहून कमी. २०१८ साली तर काट्यांवर चढायचे आणि उताराच्या बाइंडिंगसारखे जखडून उतरायचे, अशी दुहेरी सोय असलेले 'शिफ्ट' निघाले. परंतु खळगेवाले बूट हवेत. म्हणजे बुटांचा खर्च नव्याने आलाच.

"नवी भोकं पाडायला काय लागतं? गिरमिट आहे ना?" मी म्हणालो. कारागिराने माझ्याकडे पाहिले. फळी म्हणजे भिंत नव्हे, हे त्याने शांतपणे सांगितले. नवे भोक जुन्यापासून सेंटिमीटरभर तरी दूर हवे. जुने भोक खुंटी आणि गोंद घालून बुजवायला हवे, नाही तर आतल्या लाकडाला पाणी लागते. दर हौसेला नवे भोक पाडत गेले तर फळीची चाळण होते.

मी हार मानणारा नव्हे. म्हटले, "मागचा खटका सैल ठेवून सुतळीनं बांधलं तर?" लेकीने भाषांतर करण्यापूर्वी मला एकदा विचारले, "अण्णा, हे खरंच सांगू?" तिने सांगितले. कारागीर हसला नाही. तो म्हणाला, "चढायला काय ते बांधा. उतरताना पाय सोडायचं काम या स्प्रिंगचं. तिच्या आड कशालाही येऊ देऊ नका."

याच कारणाने त्याने जावईबापूंचा आणखी एक बेत मोडला. लेकीच्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याचे चढाचे हलके बूट उसने घेऊन जुन्याच बाइंडिंगमध्ये घालायचे, असे त्यांच्या मनात होते. बसतात की, मग काय? पण बसणे वेगळे आणि सुटणे वेगळे. उताराच्या बुटाचा तळ सपाट, कडक, गुळगुळीत. चढाच्या बुटाचा वाकडा आणि रबरी. आंतरराष्ट्रीय मानकांत पहिल्याला ५३५५ आणि दुसऱ्याला ९५२३ असे निरनिराळे क्रमांक आहेत, ते उगीच नव्हेत. जुने बाइंडिंग रबरी तळाला ऐन वेळी सोडीलच, असा भरवसा नाही.

शेवटी घोडीची वाट ठरली. जुन्या बाजारातून चौकटींची एक जोडी मिळाली आणि कातडी नवी घेतली. घरी आल्यावर मी लेकीच्या वजनकाट्यावर हिशेब मांडला. जावईबापूंच्या एका पायाला फळी, बाइंडिंग, चौकट, बूट आणि कातडे मिळून सहा किलोंच्या वर भरले. लेकीच्या एका पायाला तीन. बाराशे मीटरचा डोंगर नागमोडी वाटेने चढायला सात-साडेसात हजार पावले धरा. दर पावलाला तीन किलो जादा, म्हणजे वीस टनांच्या वर! फळी उचलायची नसते, सरकवायची असते, हे खरे. पण सरकवणारा पाय माणसाचाच.

"चालेल," जावईबापू म्हणाले. "पाय माझे आहेत."

आता खरे सांगायचे ते पुढेच आहे.

पाळण्याच्या डोंगरावर कोणता उतार उघडा ठेवायचा आणि कोणता बंद, हे कोणीतरी पहाटे उठून ठरवलेले असते. दोर लावलेला असतो, पाटी लावलेली असते. बिनपाळण्याच्या डोंगरावर दोर नाही, पाटी नाही. तिथे उतारावरचा बर्फ थरच्या थर सुटून खाली येतो. तीस अंशांहून तीव्र उतार त्याच्या आवडीचे. त्या झ्डार्स्कीसारखा जाणताही १९१६ साली महायुद्धात हिमस्खलनाखाली सापडला. ऐंशीच्या आसपास हाडे आणि सांधे मोडून तो वाचला, हे आश्चर्यच.

म्हणून चढणाऱ्याजवळ तीन वस्तू असाव्याच लागतात. धातूचे फावडे, घडीची लांब काठी आणि छातीशी बांधायचे एक छोटे यंत्र. त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. ते दिवसभर ४५७ किलोहर्ट्झवर हाक देत राहते. कोणी गाडला गेला, तर बाकीचे आपली यंत्रे फिरवून त्याची हाक ऐकू लागतात, यंत्र दाखवील तिकडे धावतात, काठीने टोचून पाहतात आणि खणतात. वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेली बहुतेक माणसे वाचतात. त्यानंतर वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. खालून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. तेव्हा वाचवणारा जो काय असेल, तो आपला सोबतीच.

लेकीजवळ हे सामान होते. जावईबापूंसाठी घ्यायचे होते. यंत्राची किंमत ऐकून माझ्यातला काटकसरी गृहस्थ पुन्हा उठून बसला. मी म्हणालो, "तुम्ही दोघं बरोबरच असणार ना? मग दोघांत एक पुरे की! एका छत्रीत दोघं जातात, तसं."

कोणी बोलेना. मला वाटले, माझे म्हणणे पटले.

मग लेक माझ्याजवळ येऊन बसली. लहानपणी गणित चुकले की मी तिला जसे समजावीत असे, त्याच आवाजात ती म्हणाली, "अण्णा, ते माझ्या अंगावर आहे आणि मीच खाली गाडली गेले. आता यांनी मला कशानं शोधायचं?"

मी उत्तर दिले नाही. ती पुढे म्हणाली, "आणि ते यांच्या अंगावर असलं, आणि मी गाडली गेले, तर माझी हाक यांना ऐकूच येणार नाही."

वाचकहो, चाळीस वर्षे काटकसरीने संसार केला. दोन पैसे वाचवताना कधी लाज वाटली नाही. त्या संध्याकाळी वाटली. उठलो आणि यंत्र, काठी, फावडे असे तिन्ही पैसे मी दिले.

शनिवारी गावाबाहेरच्या एका सपाट मैदानात तालीम झाली. लेकीचे यंत्र एका पिशवीत घालून तिने ती पिशवी बर्फात हातभर खोल पुरली. जावईबापू झाडाकडे तोंड करून उभे होते. सौ.ने मनगटावरचे घड्याळ पाहून "हं!" म्हटले आणि ते धावले. आधी यंत्राचा बाण उलटाच वाचला. मग जवळून निघून गेले. मग काठी दगडाला लागली. पिशवी निघाली तेव्हा अकरा मिनिटे झाली होती. जावईबापू घामाघूम होऊन हसले. लेकही हसली. सौ. हसली नाही. हातातल्या त्या ओल्या पिशवीकडे पाहत ती एवढेच म्हणाली, "पुन्हा करा."

पुन्हा केले. नऊ मिनिटे. पुन्हा. सात. अंधार पडेपर्यंत माझी सासूगिरी न करणारी बायको त्या बर्फात उभी राहून जावयाला "पुन्हा" म्हणत होती. आणि जावई निमूटपणे ऐकत होते. शेवटची वेळ चार मिनिटांची होती. तेव्हा ती घरी चलायला तयार झाली.

रविवारी आम्ही चौघे झेलराइन खोऱ्यातल्या प्राक्समार या वाडीवजा गावी गेलो. उंची १,६८९ मीटर. तिथून २,८७५ मीटर उंचीच्या लाम्पसेनष्पिट्झं शिखरावर जायचा बेत होता. टिरोलमध्ये हिवाळ्यात रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे हिमस्खलनाचे पत्रक निघते. धोक्याला एक ते पाच असे आकडे असतात. तीन हा मधला आकडा वाटतो, म्हणून माणसे फसतात; त्या आकड्याच्या दिवशी पुष्कळ बळी जातात. त्या रविवारी आकडा दोन होता. पण दुपारी उन्हाने बर्फ भिजेल, अशी सूचना होती. म्हणून दोघांनी घरूनच ठरवून टाकले होते: बारा वाजता जिथे असू तिथून मागे.

निघण्यापूर्वी एकाने उभे राहावे, दुसऱ्याने समोरून जावे आणि दोन्ही यंत्रे बोलतात की नाही ते पाहावे, अशी रीत आहे. ती झाली. साडेसातला दोघे निघाले. आम्ही गेस्टहाऊसच्या खिडकीशी बसलो.

बराच वेळ दोन ठिपके दिसत होते. एक ठिपका पुढे जाई आणि थांबे. दुसरा हळूहळू येऊन पोचे. मग पहिला पुन्हा पुढे जाई. संसारही असाच असतो, असे काहीतरी मी बोलणार होतो, पण सौ.ची मुद्रा पाहून कॉफी घेतली. मग वरच्या खांद्याआड दोन्ही ठिपके गेले. दहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजले. छपरावरून बर्फ वितळून ठिबकायला लागला. प्रत्येक ठिबक्याला सौ. वर पाहत होती.

एकाच्या सुमारास ते आले. जावईबापूंच्या दोन्ही टाचांना फोड, चेहरा टोमॅटोसारखा. उताराचे बूट घोट्याशी वाकत नाहीत. वरचे पट्टे कितीही सैल केले तरी चढाला ते लाकडाचेच.

"अण्णा, दोनशे मीटर राहिले," ते म्हणाले. शिखर समोर दिसत होते, आकाश निळेभोर होते आणि घड्याळात बारा वाजले होते. लेक म्हणाली, "मागे वळू या हे यांनीच म्हटलं. मी बोलायच्या आधी."

उतरताना मात्र लाल फळ्यांनी आपली जात दाखवली. लेक हलक्या फळ्यांवर जपून येत होती आणि जावईबापू टाच घट्ट धरलेल्या त्या जुन्या जोडीवर राजासारखे उतरले. पण संध्याकाळी टाचांना मलम लावताना ते जे बोलले, ते मला लिहून ठेवावेसे वाटले. म्हणाले, "अण्णा, मी म्हणत होतो पाय माझे आहेत. वजन माझ्या पायाला होतं, पण उशीर दोघांना झाला. मी हळू चढत होतो म्हणून ही उन्हात थांबत होती."

हलके सामान ही चैन आहे, असे मी समजत होतो. ते तसे नव्हते. डोंगरावर वेळ हीच सुरक्षितता, आणि वेळ जातो तो वजनात.

कोणी म्हणेल, हे सगळे आल्प्समधले. आम्हाला त्याचे काय? पण आपली मंडळी हल्ली दर हिवाळ्यात गुलमर्गला जातात. तिथे स्की क्लब १९२७ साली निघाला होता. १९९८ साली पाळण्याचा पहिला टप्पा झाला आणि २००५ साली दुसरा. तो अफरवतच्या खांद्यावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पाळण्यातून उतरून राखलेल्या उताराची हद्द ओलांडली, की तो बिनपाळण्याचाच डोंगर. आपला उत्साही मुलगा भाड्याच्या फळ्या घालून "जरा पलीकडे जाऊन येतो" म्हणाला, तर त्याला पैशाचे विचारू नका. छातीशी यंत्र आहे का, सोबत्याच्या छातीशी आहे का, आणि दोघांना ते वापरता येते का, एवढे विचारा.

काटकसरीवरचा माझा विश्वास उडालेला नाही. फळी जुनी चालते. कातडे तिला बेतून घेता येते. छोट्या डोंगराला घोडीसुद्धा चालते. पण पाय सोडणारी स्प्रिंग, सोबत्याला शोधणारे यंत्र आणि मागे वळायची वेळ, या तीन गोष्टींत काटकसर नाही. हा हिशेब मला साठीनंतर कळला, तोही लेकीकडून.

लाल फळ्या आता पुन्हा पाळण्याने वर जातात आणि आपला खरा धंदा करतात. यंदाच्या दिवाळीला काय पाठवावे, याची चर्चा आमच्याकडे दसऱ्यालाच निघाली. मी म्हणालो, "ती अंगठी राहिली आहे. या खेपेस आपणच करून पाठवू."

सौ. करंज्यांच्या पिठाला तेल किती लागेल याचा अंदाज घेत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना ते खळगेवाले हलके बूट घ्यायला पैसे पाठवा."

"म्हणजे पुन्हा पायातच?"

"पायातच," ती म्हणाली. "माणूस वेळेवर घरी आला, की अंगठी काय, कधीही करता येते."